शेतीकामातील हेलिकॉप्टर : बिघाडानंतर हाती उरतात एक-दोन सेकंद

नवी दिल्ली : औषधफवारणी किंवा गुरांचे विशाल कळप हाकणे यांसारख्या कामांत हलक्या हेलिकॉप्टरला जमिनीलगत उडावे लागते. एरवी उंचावर झालेला यांत्रिक बिघाड वैमानिकाला सावरता येतो. मात्र पिकाच्या वर काही मीटरवर तोच बिघाड जिवावर बेतू शकतो.

अमेरिकी बनावटीचे ‘रॉबिन्सन आर-२२’ हे दोन आसनी हेलिकॉप्टर याचे ठळक उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील पशुपालन केंद्रांवर गुरे हाकण्यासाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यात इंजिनची शक्ती रबरी व्ही-पट्ट्यांद्वारे वरच्या पात्यांपर्यंत पोहोचते. पिठाच्या गिरणीत मोटारीची गती पट्ट्याने जात्याला मिळते, तसाच हा प्रकार आहे.

हे इंजिन पट्टे व गिअरबॉक्स यांना झेपेल त्याहून अधिक शक्ती देऊ शकते. म्हणूनच ‘आर-२२ बीटा’ प्रकारात सतत वापरासाठी १२४ अश्वशक्ती आणि उड्डाणाच्या वेळी केवळ पाच मिनिटांसाठी १३१ अश्वशक्ती अशी मर्यादा घालून दिली आहे. ती पाळण्याची जबाबदारी वैमानिकावर असते. गुरांमागे धावताना वारंवार घ्यावी लागणारी वळणे, अचानक थांबणे, उष्ण हवा आणि जादा वजन यांमुळे ही मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका वाढतो आणि त्याचा ताण पट्ट्यांवर येतो. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोने या पट्टा-प्रणालीच्या विश्वासार्हतेचा स्वतंत्र अभ्यासही केला आहे.

पट्टे तुटले किंवा निसटले, तर भार नाहीसा झाल्याने इंजिनचे फेरे वाढतात आणि पात्यांचे फेरे मात्र घटू लागतात. अशा वेळी वैमानिकाने पात्यांचा कोन तत्काळ कमी करणे आवश्यक असते. तसे केल्यास खाली येताना खालून वर वाहणारी हवा पाती फिरती ठेवते. या क्रियेला ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात. आर-२२ची पाती वजनाने हलकी असल्याने त्यांचा वेग झपाट्याने मंदावतो आणि प्रतिसादासाठी जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात.

त्यातही उंची आणि वेग यांचे गणित निर्णायक ठरते. वेग पुरेसा असेल तर त्याच्या जोरावर कमी उंचीवरूनही सुखरूप उतरता येते. मात्र वीस-तीस मीटरवर जवळपास स्थिर असलेल्या हेलिकॉप्टरकडे ना पुरेशी उंची असते, ना वेग.

बिघाडाची पूर्वसूचना अनेकदा मिळते. रबर जळल्याचा वास, नवी थरथर किंवा पट्ट्यांचा ताण राखणाऱ्या क्लचचा दिवा पेटून न विझणे, ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी काम अर्धवट सोडून तत्काळ उतरणे हाच सुरक्षित मार्ग असतो. या हेलिकॉप्टरची संपूर्ण दुरुस्ती-तपासणी २,२०० उड्डाणतास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा करावी लागते.

भारतात २०२० मध्ये टोळधाडीविरुद्ध ‘बेल २०६-बी३’ हेलिकॉप्टरद्वारे फवारणी करण्यात आली. एका फेरीत २५० लिटर कीटकनाशक वाहून नेण्याची त्याची क्षमता होती. आता फवारणीसाठी ड्रोनचा वापर वाढत असून, ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन देण्याचे उद्दिष्ट आहे. यंत्र म्हटले की बिघाड ड्रोनलाही चुकलेला नाही. फरक इतकाच, की तो कोसळला तरी त्यात वैमानिक नसतो.