कोपरा फाडलेले कार्ड

वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्री उशिरा एखाद्या अपघाताचे छायाचित्र येते, तेव्हा ते छापायचे की नाही याचा कोणीतरी विचार करतो. सकाळी हा अंक चहाच्या कपाशेजारी पडणार आहे, घरात शाळकरी मुले आहेत, आजी-आजोबा आहेत, हे त्याच्या मनात असते. छायाचित्र फारच भीषण असेल तर ते बाजूला ठेवले जाते, किंवा दुरून काढलेले एखादे निवडले जाते. आपल्या खिशातल्या फोनवर मात्र असा कोणी बसलेला नाही. तिथे पाठवणारे आपणच, संपादक आपणच आणि वाचकही आपणच. यांतली पहिली आणि तिसरी कामे आपण मन लावून करतो. मधले काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे, असे समजून चालतो.

12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले. विमानातली 241 आणि जमिनीवरची 19, अशी 260 माणसे गेली. त्या संध्याकाळी आमच्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर, सकाळच्या सुप्रभाताच्या फुलांखालीच, घटनास्थळाची काही छायाचित्रे येऊन पडली. त्यांचे वर्णन मी इथे करणार नाही. पाठवणारा गृहस्थ काही वाईट माणूस नव्हे. त्याने खाली ‘फार वाईट झाले’ असे लिहून हात जोडले होते. पण ही ओळ फोटोच्या खाली होती. डोळा आधी फोटोवर जातो, मग अक्षरांवर.

आमच्या सोसायटीत एक बाई आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान रस्त्यावरच्या अपघातात गेले. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ना कोणी अपघाताचा व्हिडिओ टाकतोच. हेतू चांगला असतो. हेल्मेट घाला, वेग आवरा, असे सांगायचे असते. या बाई काही दिवस गप्प राहिल्या आणि एक दिवस ग्रुपमधून बाहेर पडल्या. परिणाम असा झाला, की पाण्याची वेळ बदलल्याचे, लिफ्ट बंद असल्याचे, गणपतीच्या वर्गणीचे निरोप त्यांना कळेनासे झाले. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या तर सांगत. मी एकदा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, मला बघायचं असेल तर मी बघेन. जग काही मला ठाऊक नाही असं नाही. पण भाजी निवडताना एकदम समोर नको येऊ दे.”

या विषयावर पुष्कळ वाचले, पण याहून नेमके कोणी सांगितलेले मला आढळले नाही. बाई बंदी मागत नव्हत्या. त्या फक्त वेळ मागत होत्या.

फेसबुकवर काही छायाचित्रांवर धूसर पडदा असतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ‘हा मजकूर संवेदनशील असू शकतो’ अशी ओळ आणि खाली पाहण्याचे बटण. हा पडदा सर्वत्र पहिल्यापासून नव्हता. लंडनची मॉली रसेल ही 14 वर्षांची मुलगी 2017 साली आपल्या हाताने आयुष्य संपवून गेली. त्याआधी इन्स्टाग्रामवर तिच्यापुढे स्वतःला इजा करण्याविषयीचा मजकूर सतत येत होता. तिच्या वडिलांनी हे जगापुढे मांडल्यावर, 2019 च्या फेब्रुवारीत इन्स्टाग्रामने अशा चित्रांवर पडदा टाकण्याचे जाहीर केले. रोगाची खात्री पटायला एक मूल जावे लागले.

पण हा पडदा तिथेच पडतो, जिथे कंपनीला मजकूर दिसतो. आपल्या घराघरांत पोहोचलेल्या व्हॉट्सअ‍ॅपचे तसे नाही. 2016 च्या एप्रिलपासून तिथले निरोप कुलूपबंद होऊन जातात. पाठवणारा आणि घेणारा यांच्यावाचून मधल्या कोणालाही ते वाचता येत नाहीत. ही गोष्ट चांगलीच आहे. बंद पाकीट पोस्टमनने फोडू नये. मात्र त्याचा दुसरा अर्थ असा, की आत काय आहे याची कल्पना देणे पोस्टमनला शक्य नाही. ते काम पाठवणाऱ्यालाच करावे लागते.

आणि ते काम आपल्याला नवे नाही. माझ्या लहानपणी, पोस्टकार्डाच्या काळात, लग्नाच्या पत्राला हळदकुंकू लागे. मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डावर मात्र वर ‘श्री’ नसे आणि त्याचा एक कोपरा फाडलेला असे. पोस्टमनने असे कार्ड हातात दिले की घरातले वडीलधारे ते आधी स्वतः वाचत. माजघरातले जेवण उरकू देत, मुलांना खेळायला बाहेर पाठवत, आणि मग बातमी सांगत. बातमी कोणी लपवत नसे. फक्त ती ऐकण्यासाठी माणसाला खाली बसायला अवसर मिळे. फाडलेला कोपरा एवढेच सांगे, की जपून वाचा.

बँकेतही आम्ही असेच काही करत होतो. चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या की रक्कम कमी होत नाही, नावही बदलत नाही. पैसे खिडकीवर रोख न मिळता खात्यात जमा होतील, एवढेच त्यातून ठरते. रेघा मारल्या म्हणून चेक रद्द झाला, अशी तक्रार कोणी केल्याचे मला आठवत नाही.

तरीही हा विषय निघाला की आमच्या पुतण्यासारखे कोणीतरी म्हणतेच, “काका, तुम्ही सगळे फार नाजूक झालात. जग जसं आहे तसं दिसायला नको का?” दिसायला हवेच. व्हिएतनाम युद्धात 1972 साली नापामने भाजलेली, अंगावर कपडा नसलेली नऊ वर्षांची किम फुक रस्त्यावरून धावत येते, ते छायाचित्र जगाने पाहिले नसते तर एका युद्धाचा खरा चेहरा कळला नसता. 2016 च्या सप्टेंबरात नॉर्वेच्या ‘आफ्टेनपोस्टेन’ या दैनिकाने फेसबुकवर टाकलेले हेच छायाचित्र, नग्नतेच्या नियमावर बोट ठेवून, काढून टाकण्यात आले. संपादकाने पहिल्या पानावर अनावृत पत्र लिहिले, गदारोळ झाला आणि फेसबुकला ते परत ठेवावे लागले. पुसून टाकणे आणि पडदा टाकणे यांतला फरक या एका प्रकरणात स्पष्ट दिसतो. पडदा हाताने बाजूला सारता येतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात 2023 साली अशा इशाऱ्यांवरील 12 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की इशारा दिल्याने पुढचा मजकूर कमी त्रासदायक वाटत नाही. लोक तो टाळतात असेही नाही. उलट, पाहण्याआधीची धाकधूक थोडी वाढते. ज्यांना इशारा म्हणजे मनावरचा उपचार वाटतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र कोपरा फाडलेल्या कार्डानेही दुःख कमी होत नव्हते. छातीत धडधडच होई. तरीही आपल्या माणसांनी तो रिवाज पाळला, कारण प्रश्न दुःख कमी करण्याचा नव्हता. ते कोणत्या घडीला, कोणाच्या सोबतीने घ्यायचे, हे ठरवण्याचा होता.

इशाऱ्याचा बाजार होऊ नये, हेही खरे. ‘कमकुवत मनाच्या माणसांनी पाहू नये’ असे लिहून तोच व्हिडिओ दहा वेळा दाखवणारे महाभाग आहेत. तो इशारा नव्हे, ती जाहिरात झाली. शिवाय प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी डकवली तर कोणीच चिठ्ठी वाचणार नाही. रक्त, प्रेत, मारहाण, लैंगिक अत्याचार, आत्महत्या, मुलांना आणि प्राण्यांना दिलेल्या यातना एवढ्यांपुरते भान ठेवले तरी पुष्कळ झाले.

काही गोष्टींना तर कोणताही इशारा पुरत नाही. अत्याचारपीडित व्यक्तीचे नाव किंवा ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे आणि मुलांच्या बाबतीत ‘पॉक्सो’ कायदाही तेच सांगतो. अपघातस्थळी ओळख पटेल असा चेहरा दिसत असेल, तर त्या माणसाच्या घरी बातमी पोहोचली आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते. मुलाच्या जाण्याची खबर आईला ग्रुपवरच्या फोटोतून कळावी, याहून क्रूर दुसरे काय असणार? असे फोटो आपल्याजवळच थांबवावेत.

बाकीच्यांसाठी करायचे ते फार सोपे आहे. फोटोआधी एक ओळ स्वतंत्र निरोप म्हणून पाठवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर 2021 पासून ‘एकदाच पाहा’ अशी सोय आहे. फोटो पाठवण्याच्या चौकटीत 1 आकड्याचे लहान चिन्ह असते, ते दाबायचे. मग समोरच्याने बोट लावल्याशिवाय फोटो उघडत नाही आणि तो पुढे ढकलताही येत नाही. घेणाऱ्यालाही उपाय आहे. सेटिंगमध्ये जाऊन फोटो आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी, म्हणजे प्रत्येक चित्र आधी धूसर दिसते. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवर नातवंडांनी हे आज, रविवारीच, करून द्यावे.

आणि ती एक ओळ काय लिहायची? ‘पुढे अपघाताचा फोटो आहे. त्यात रक्त दिसते. नको असेल तर उघडू नका.’ एवढेच. लिहायला अर्धे मिनिट लागते. माझा अनुभव असा आहे, की त्या अर्ध्या मिनिटात पुष्कळदा आपले आपल्यालाच वाटून जाते, हा फोटो पाठवायला तरी कशाला हवा?