नाव संशोधकाचे, विष बाजाराचे

धान्याच्या कोठीभोवती, गादीखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात पूर्वी एक उग्र, कुबट वासाची भुकटी टाकली जात असे. जुन्या पिढीतील वाचकांना ती ‘गॅमेक्सिन’ या नावाने आठवेल. तिच्यातील कीटकनाशक घटकाचे नाव लिंडेन.

हे नाव एका माणसाचे आहे. इ. स. १८२५ मध्ये मायकेल फॅरडे यांनी सूर्यप्रकाशात बेंझिन व क्लोरीन यांचा संयोग घडवून हा पदार्थ प्रथम तयार केला. तो अनेक समघटकांचे मिश्रण असतो. १९१२ मध्ये ट्यूनिस व्हॅन डर लिंडेन या डच रसायनशास्त्रज्ञाने त्यातील ‘गॅमा’ घटक वेगळा केला. कीटक मारण्याची त्याची शक्ती १९४० च्या दशकात उघड झाली आणि मारक घटकास लिंडेन यांचे नाव मिळाले. ज्याने केवळ ज्ञानासाठी शोध घेतला, त्याचे नाव विषाच्या डब्यावर कोरले गेले.

लिंडेन मज्जासंस्थेवर आघात करते, चरबीत साठते आणि अन्नसाखळीतून पुढे जाते. एक टन लिंडेन शुद्ध करताना सहा ते दहा टन निरुपयोगी, विषारी समघटक मागे उरतात. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. भारतात त्याचा वापर २०१३ पासून बंद आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मनुष्यास कर्करोगकारक ठरविले.

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत ‘विषवाणिज्य’ आहे. आपल्यातील अनेक कुटुंबे धान्य, बियाणे व शेतीऔषधांच्या व्यापारात आहेत. त्यांच्यासाठी हा शब्द केवळ पोथीतला नाही. मालाचे पैसे गल्ल्यात आले, तरी त्याचा परिणाम शेतात, विहिरीत आणि आईच्या दुधात वर्षानुवर्षे चालू राहतो. विक्रीच्या पावतीने ते उत्तरदायित्व संपत नाही.

जुन्या गोदामात अशी पोती वा डबे पडून असतील, तर ते जाळू नयेत, पुरू नयेत, पाण्यात टाकू नयेत. कृषी खात्यास कळवून त्यांची रीतसर विल्हेवाट लावावी. घरातील धान्यास कडक ऊन, कडुनिंबाचा पाला व एरंडेलाचा हात हे उपाय आजही पुरेसे उपयोगी आहेत.

लिंडेन यांना आपले नाव कशाला दिले जावे, हे ठरविता आले नाही. आपल्या पेढीचे नाव कोणत्या मालावर असावे, हे मात्र आपल्या हाती आहे.