पट्टा लावलाय ना?

गेल्या डिसेंबरात सांगलीहून आष्ट्याला निघालो होतो. सात वाजून गेले होते. माझ्या पुढचा मोटारसायकलवाला रस्त्याकडेला उभ्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मी धावलो. त्याचं हेल्मेट दहा हात लांब पडलं होतं, काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. पट्टाच लावला नव्हता. पोरगा पंचविशीचा असेल. त्याचा हात माझ्या हातातच गार पडला.

बावीस वर्षं मी मोटारसायकल चालवतोय. त्यानंतर आठवडाभर किल्लीला हात लावला नाही. मग शांतपणे हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतच सेकंदभर जातो. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली शंभरामागे चव्वेचाळीस दुचाकीवरची. हेल्मेटमुळे अपघातात जीव जाण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, पण ते डोक्यावर टिकलं तरच.

दुचाकी मी सोडलेली नाही. शेत, बाजार, लेकीचं कॉलेज तिच्यावाचून होत नाही. पण गळीत हंगामात अंधार पडल्यावर ती काढत नाही. निघताना पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतका आवळतो. मग मागे वळून लेकीचाही तपासतो.