टेलर : एका आडनावाची हकीकत

आपल्या पेठेत 'टेलर' अशी पाटी दिसली की आपण कापड घेऊन खुशाल आत शिरतो. इंग्रजांकडे ही पाटी दुकानावरून माणसाला चिकटली, आणि दुकान मोडले तरी ती सुटली नाही.

शब्द मुळात फ्रेंच. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकले, त्यांच्या भाषेबरोबर तो तिकडे गेला. त्याचा अर्थ शिवणारा नव्हे, कापणारा. टाका चुकला तर उसवता येतो, कात्री चुकली की कापड गेले. तेव्हा कारागिराला कात्रीवरून नाव पडले यात आम्हांला तरी नवल वाटत नाही. पुढील दोनतीन शतकांत आडनावे वंशपरंपरेने चालू लागली. शिंप्याचा नातू नांगर धरू लागला, पण राहिला टेलरच. आपल्याकडचे सगळे जोशी तरी कुठे पंचांग पाहतात?

या नावाचा ब्रुक टेलर गणिती झाला. त्याने १७१५ साली प्रसिद्ध केलेला सिद्धांत कॉलेजातील मुलांना अजून घाम फोडतो. मेडोज टेलर लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी तो मुंबईस आला आणि निजामाच्या चाकरीत शिरला. नळदुर्गाकडचा कारभार त्याने पाहिला. त्याची 'तारा' ही इंग्रजी कादंबरी (१८६३) तुळजापुरापासून सुरू होऊन अफझलखानाच्या स्वारीपर्यंत जाते.

पण खरी गंमत, आणि खरे दुःखही, अमेरिकेत आहे. तेथील बारावा अध्यक्ष झॅकरी टेलर. त्याच्या पदरी गुलाम होते. गुलामाच्या आडनावाला कायद्यात किंमत नव्हती. १८६५ साली गुलामगिरी संपली, तेव्हा कोणी जुन्या धन्याचे आडनाव ठेवले, कोणी मुद्दाम दुसरेच घेतले. म्हणून दोन टेलर भेटले तर त्यांचे रक्त एक असेल असे धरून चालू नये. एकाच्या पूर्वजाने दुसऱ्याच्या पूर्वजाला विकत घेतलेले असणेही शक्य आहे.

इंडियानापोलिसच्या एका काळ्या कुटुंबात १८७८ साली मार्शल टेलर जन्मला. शिपायाचा पोशाख घालून सायकलच्या दुकानापुढे तो कसरती करी, म्हणून लोक त्याला 'मेजर' म्हणू लागले. पुष्कळ मैदानांवर गोऱ्यांनी त्याला मज्जाव केला. तरी १८९९ साली माँट्रियल येथे तो सायकल शर्यतीत जगज्जेता ठरला. १९३२ साली शिकागोत तो निर्धन अवस्थेत वारला आणि गोरगरिबांच्या जागेत पुरला गेला. पुढे १९४८ साली जुन्या सायकलपटूंनी त्याला तेथून हलवून नीट जागा दिली आणि तिच्यावर त्याचे नाव लावले.