कॅम्पर व्हॅन की मोटारहोम : रात्री दोन वाजताचा प्रश्न



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘सर, मुलगा जर्मनीत आहे. उन्हाळ्यात आम्हाला राहण्याच्या गाडीतून फिरवणार म्हणतोय. लहान कॅम्पर व्हॅन घ्यावी की मोठं मोटारहोम?’ जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न का विचारावा, हे मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं की या निवडीत मी दोनदा चुकलेलो आहे, म्हणजे बोलायचा अधिकार आहे. (हशा) आज तेच बोलू. उदाहरण जर्मनीचंच घेतो, कारण माझी मुलगी आणि जावई श्टुटगार्टला राहतात आणि दोन्ही चुका मी तिथंच केल्या.

आधी गाड्या कशा असतात ते थोडक्यात. सगळ्यात लहान म्हणजे फोक्सवागनच्या बसवर बांधलेली. वेस्टफालिया या कंपनीनं १९५१ मध्ये या बससाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. बॉक्स ठेवला की झोपायची सोय, काढला की सोमवारी कामाची गाडी. लहान कॅम्परचं सगळं मर्म त्यात आहे : ती आधी मोटार आहे, मग घर. २०२४ पर्यंतची कॅलिफोर्निया घ्या. लांबी साधारण ४.९ मीटर, उंची १.९९. हा आकडा योगायोगाचा नाही; पार्किंगच्या इमारतींवर दोन मीटरची पाटी असते, तिच्याखालून ती जावी म्हणून तो आहे. छप्पर वर उचललं की दोघं वर झोपतात, बाक उलगडला की दोघं खाली. संडास नाही.

त्यानंतर येते फियाट डुकाटोसारखी बंद टपाची मालवाहू व्हॅन, आतून घर केलेली. लांबी ५.४१, ५.९९ किंवा ६.३६ मीटर, रुंदी २.०५. आत उभं राहता येतं, लहानसं न्हाणीघर असतं. आणि शेवटी खरं मोटारहोम : पुढे इंजिन आणि चालकाची केबिन, मागे कारखान्यात बांधलेली खोली. लांबी सहज सात मीटर, रुंदी २.२ ते २.३५. ते आधी घर आहे, मग मोटार.

पहिल्या वर्षी आम्ही चौघं निघालो मोझेल नदीच्या खोऱ्यात. गाडी लहान घेतली. कारणं तेव्हा अगदी तर्कशुद्ध वाटली : भाडं कमी, पेट्रोलपाणी कमी, चालवायला सोपी, गावात कुठंही शिरते. शिवाय मला स्वतःला ते साधेपण आवडलं. अपरिग्रहावर इतकी वर्षं बोललो, आता चार आठवडे जगून बघू, असा थोडा अहंकारही होता. आणि दिवसा सगळं छानच होतं, हे सांगितलं पाहिजे. द्राक्षमळ्यांमधून जावं, गावाच्या चौकापासून दोन मिनिटांवर गाडी लावावी, कॉफी घ्यावी. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. तिला चालावं लागलं नाही, म्हणून ती खूश होती.

चौथ्या दिवशी दुपारी तिला चक्कर आली. ऊन होतं, पण आपल्या मानानं काही फार नव्हतं. मुलीनं खोदून विचारल्यावर कळलं, ती दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हती. का? तर रात्री उठावं लागू नये म्हणून. कॅम्पिंगच्या जागेतला संडास आमच्या गाडीपासून दीडशे-दोनशे पावलांवर. उठायचं म्हणजे मला ओलांडायचं, अंधारात चपला शोधायच्या, आणि गाडीचं ते सरकतं दार उघडायचं. त्या दाराचा आवाज किती होतो, हे ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. सगळं आवार जागं होतं. ‘तुमची सगळ्यांची झोप मोडायची कशाला,’ म्हणाली. चार दिवस मी तिच्या शेजारी एक हाताच्या अंतरावर झोपत होतो आणि मला पत्ता नव्हता. मी साधेपणाचा आनंद घेत होतो. त्याची किंमत ती मोजत होती.

आता इथं जरा माझ्या विषयात शिरतो, फार वेळ घेणार नाही. अ‍ॅरिस्टॉटल ‘निकोमाखियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागात मध्यमाबद्दल बोलतो. आपण समजतो, मध्यम म्हणजे दोहोंच्या बरोबर मधलं. तो म्हणतो, वस्तूतलं मध्यम वेगळं आणि ‘आपल्या संदर्भातलं’ मध्यम वेगळं. दहा माप अन्न जास्त होतं आणि दोन माप कमी पडतं, म्हणून शिक्षक सगळ्यांना सहा माप वाढेल का? मायलो नावाच्या पहिलवानाला सहा कमी पडेल, आणि ज्यानं कालच तालमीत पाऊल ठेवलं त्याला जास्त होईल. हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेन. पण गाडी ठरवताना आम्ही गाडीकडे बघत होतो. तिच्यात झोपणारं माणूस कोण, हे कुणीच पाहिलं नाही.

तर दुसऱ्या वर्षी, अर्थातच, लंबक दुसरीकडे. सात मीटरचं मोटारहोम. आत संडास, शॉवर, ज्याचा त्याचा पलंग. इथं मात्र एक गोष्ट लक्ष देऊन ऐका, कारण ती भल्याभल्यांना ठाऊक नसते. मोठी गाडी वजनाच्या बाबतीत लहान असते.

असं बघा. जर्मनीत साध्या मोटारीचा परवाना, त्यांचा ‘बी’ वर्ग, भरलेल्या गाडीच्या ३५०० किलोपर्यंतच चालतो. ज्यांनी १९९९ च्या आधी तिथला परवाना काढला त्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा आहे. आमच्या जावयांच्या पिढीला नाही. (आपल्याकडे हलक्या वाहनाची मर्यादा साडेसात हजार किलो आहे, त्यामुळे आपल्याला ही अडचण चटकन उमगत नाही.) शिवाय ३५०० च्या वर गेलं की ऑटोबानवर ताशी १०० ची मर्यादा, ऑस्ट्रियात टोलसाठी वेगळं यंत्र, स्वित्झर्लंडमध्ये वेगळा कर. म्हणून कंपन्या घर मोठं बांधतात आणि कागदावर वजन ३५०० च्या आत ठेवतात. मग सामानाला उरतं काय?

आमचा हिशेब सांगतो. गाडी तयार स्थितीत २९८० किलो. यात चालक धरलेला, इंधन धरलेलं, पण पाणी? टाकी १२० लिटरची, आणि कागदावर धरलेलं पाणी फक्त २० लिटर. टाकी भरली की १०० किलो आणखी. तिघं प्रवासी, कागदावर माणशी ७५ प्रमाणे २२५. दोन विजेवरच्या सायकली आणि त्यांचा स्टँड, ६० एक किलो. बाहेरची कनात आणि जादा बॅटरी, ७०. बेरीज करा : ३४३५. उरले ६५ किलो, आणि त्यात चौघांचे कपडे, भांडी, किराणा, खुर्च्या, टेबल. शिवाय गॅसचा जादा सिलिंडर घेतला तर ११ किलोच्या गॅसमागे लोखंडासकट वीस-बावीस किलो. बरं, हे बेकायदा नाही. युरोपीय नियमात सामानासाठी किमान किती वजन राखावं याचं सूत्र आहे : चालकासह माणसांची संख्या अधिक गाडीची लांबी मीटरमध्ये, गुणिले दहा. चार माणसं, सात मीटर, म्हणजे ११० किलो. चार माणसांच्या संसाराला इतकं पुरे, असं कायदा समजतो. आपल्याकडे एका माणसाला विमानात किती नेऊ देतात ते आठवा.

जावई शिस्तीचे. त्यांनी निघण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेली. ३५४० भरली. सत्तर लिटर पाणी तिथंच सोडून दिलं. मग आंघोळी सगळ्यांनी कॅम्पिंगच्या न्हाणीघरात केल्या आणि आमच्या शॉवरमध्ये पंधरा दिवस टॉवेल वाळत होते.

रात्री मात्र पत्नी चार पावलांवर जाऊन यायची आणि संध्याकाळी दोन पेले पाणी प्यायची. माझ्या मते एवढ्यावर ते मोटारहोम वसूल झालं. पण दिवसा काय झालं? रोथेनबुर्ग हे जुनं तटबंदीचं गाव आहे. मोटारहोमला जागा तटाबाहेर. तिथून वेस, वेशीतून आत दगडी फरसबंदी, मग चौक. चौकात पोचेपर्यंत तिचे गुडघे बोलायला लागले, आणि परतीचं तेवढंच अंतर डोक्यात ठेवून तिनं जेमतेम अर्धा तास गाव पाहिलं. पुढच्या दोन गावांत ती गाडीतच बसून राहिली. म्हणजे लहान गाडीनं तिची रात्र घेतली होती, मोठीनं दिवस घेतला.

यातून वाट नाही असं नाही. मोठी गाडी घेतली तर ती हलवूच नये, हे मला उशिरा सुचलं. ब्लॅक फॉरेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी मुक्काम केला की कोनुस नावाचं पाहुण्यांचं कार्ड मिळतं. त्यावर त्या भागातली बस आणि रेल्वे फुकट. गाडी पाच दिवस एका जागी ठेवावी आणि बसनं थेट चौकात उतरावं. रोज पसारा आवरणं, चाकाखाली पाचरी घालून गाडी सपाट करणं, हेही वाचतं. संडासाची पेटी मात्र दोन-तीन दिवसांनी रिकामी करावीच लागते. ते काम मी मागून घेतलं होतं. प्राध्यापकाला आयुष्यात एकदा तरी ते करायला लावावं. (हशा) ज्यांना रोज नवं गाव हवं, गुडघे ठणठणीत आहेत आणि रात्रीची झोप गाढ आहे, त्यांनी मात्र खुशाल लहान गाडी घ्यावी.

मधली, सहा मीटरची व्हॅन? तिथंही डोळे उघडे ठेवा. ५.९९ मध्ये पलंग बहुधा आडवा असतो. आतल्या बाजूला झोपणाऱ्याला दुसऱ्याला ओलांडूनच उतरावं लागतं. म्हणजे संडास आहे, पण वाट माझ्या पोटावरून. ६.३६ मध्ये दोन पलंग लांबीच्या दिशेनं, मध्ये वाट. सदतीस सेंटिमीटरचा फरक, पण आमच्या घरात तोच निर्णायक. भाड्यानं घेण्याआधी शक्य असेल तर प्रत्यक्ष आत जाऊन झोपून बघा, दार लावून. मग तुमच्यातलं जे माणूस सगळ्यात कमी तक्रार करतं त्याला सांगा, दिवा न लावता, कुणाला धक्का न देता संडासापर्यंत जाऊन ये. विक्रेता हसेल. हसू द्या.

आपल्याकडचं काय, असं कुणीतरी हात वर करून विचारतंय. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण इथं गाडीबरोबर बहुधा चालकही येतो, आणि तो कुठं झोपणार इथपासून सगळं गणित बदलतं. तो वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी.

येत्या जूनमध्ये आम्ही पुन्हा जातोय. मुलीनं ६.३६ मीटरची ठरवली आहे, वर उघडणाऱ्या छपराची. वर ती दोघं, खाली आम्ही. या वेळी आतला नकाशा मी आधी पत्नीपुढे ठेवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, पलंगावरून उतरताना धरायला कडी कुठं आहे? नकाशात ती दाखवलेली नाही. मुलीनं भाड्यानं देणाऱ्यांना पत्र टाकलंय, उत्तराची वाट बघतोय.