डबीतली शांती मेंदूपर्यंत पोचते का?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींनी मला एक डबी दाखवली. मुलीनं मागवून दिलेली. वर नाव 'गॅबा'. "यानं डोकं शांत होतं म्हणे," त्या म्हणाल्या, "म्हणून डॉक्टरांची झोपेची गोळी कालपासून बंद केली!" मी चहाचा कप खालीच ठेवला. वहिनी ती गोळी दोन वर्षं रोज घेत होत्या.

गॅबा हे काही बाहेरचं औषध नव्हे. ते आपल्या मेंदूतच तयार होतं; १९५० साली शास्त्रज्ञांना ते तिथं सापडलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारखे निरोप धाडत असतात. ग्लुटामेट नावाचं रसायन त्यांना 'चल, ऊठ' म्हणतं, तर गॅबा म्हणतं, 'पुरे आता.' ते पेशीच्या दाराशी आलं की क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी पुढं निरोप सहजी पाठवत नाही. गंमत म्हणजे, गॅबा बनतं त्याच ग्लुटामेटपासून! त्यासाठी ब-६ जीवनसत्त्व लागतं. १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत डब्याच्या दुधावरच्या कित्येक तान्ह्या बाळांना झटके येऊ लागले. दूध तयार करताना उष्णतेनं त्यातलं ब-६ नष्ट झालं होतं. ते दिल्यावर झटके थांबले.

मग गॅबाच गिळलं तर काय बिघडलं? अहो, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये मोठा कडक पहारा असतो. पोटातून रक्तात आलेलं गॅबा तिथून फारसं आत जात नाही. काहींना बरं वाटतं खरं, पण झोपेसाठी त्याचा पुरावा अगदी तोकडा आहे.

वहिनींची अल्प्राझोलामची गोळी मात्र पहारा ओलांडून जाते आणि आत आधीच असलेल्या गॅबाचा जोर वाढवते. मेंदूला हळूहळू त्याची सवय होते. ती एकाएकी तोडली की ब्रेक सुटल्यासारखं होतं: झोप उडते, हात कापतात, छाती धडधडते, क्वचित झटकेही येतात. डबीतल्या कॅप्सूलनं ही जागा भरून निघत नाही.

ब-६ साठी केळी, बटाटे, हरभरे पुरेत. त्याच्या जादा गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर हातापायांच्या नसा दुखावतात, बरं का! आणि दिवस गेलेले असताना किंवा रक्तदाबाची गोळी चालू असताना गॅबाची डबी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका.

वहिनींना मी त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू करून ती थोडी थोडी कशी कमी करायची, याचं आठवड्यांचं वेळापत्रक त्यांनी लिहून दिलं. तो कागद आता वहिनींच्या फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लावलेला आहे.