वय वाढतं तशी शांतता का येते?

वय झालं की माणूस शांत होतो, असं आपण म्हणतो. पण का? स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मते, हाताशी वेळ थोडा उरलाय हे जाणवलं की माणूस प्रत्येक वादात पडत नाही. जवळची माणसं आणि समाधान देणाऱ्या गोष्टी निवडतो. नावं पटकन आठवत नाहीत, पण शब्दसंग्रह आणि अनुभवातून आलेली समज बराच काळ टिकते. एकटं पाडलं, तर मात्र हीच शांतता आटते.

म्हणून पालकांनो, गणित चुकलं म्हणून मूल रडत असेल, तर आजीला 'तुम्ही मध्ये पडू नका' म्हणू नका. दहा मिनिटं त्याला तिच्याजवळ बसू द्या. गणित आपण शिकवूच. चुकलं तरी आभाळ कोसळत नाही, हे त्याला तिच्याकडून शिकू दे.